पहिलीत बसा

"तिथे नको हं," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "कुठेही विचार, पण तिथे नको."

एवढंच वाक्य. शनिवारची दुपार, जेवणं उरकलेली, दादा सोफ्यावर आडवा झालेला, आणि ठकी, म्हणजे दादाची नववीतली मुलगी, शाळेत नव्याने सुरू झालेल्या प्रोग्रॅमिंगच्या गृहपाठाशी झटापट करत टेबलाशी बसलेली. काकाला सुट्टीच्या दिवशी कशाला छळायचं म्हणून ती सहज म्हणाली होती की फोरमवर टाकते, तिथे नवशिक्यांना कुणीही सांगतं. फोरमचं नाव निघाल्यावर धाकटा, म्हणजे तिचा तो काका, मनातून सुखावला होता. गेली नऊ वर्षं तो तिथे रोज उत्तरं देत आला होता, त्यातली सात मॉडरेटर म्हणून. तिथे त्याचं नाव होतं पान्हा, नट आवळायचा असतो तो. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने लपवलं नव्हतं, पण सांगितलंही नव्हतं, कारण न सांगण्यात थोडा रुबाब होता आणि तो त्याला आवडत होता. आता ठकी प्रश्न टाकेल, आपण संध्याकाळी घरी जाऊन पान्हा म्हणून उत्तर देऊ, ती सोमवारी वर्गात मिरवेल, असे मांडे तो मनातल्या मनात खात होता, तेवढ्यात वहिनीचं ते वाक्य आलं.

"का गं आई?" ठकी म्हणाली.

"तुझी आई शिकायला गेली होती तिथे," दादा डोळे मिटूनच हसला. "सांग की तो किस्सा. धाकट्याला माहीत नसेल."

वहिनीने नॅपकिनला हात पुसले आणि किस्सा सांगितला. छान सांगितला, हातवारे करून, स्वतःलाच हसत. सहा वर्षांपूर्वी तिच्या मनाने घेतलं होतं की आपणही ही भाषा शिकायची. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. रोज चार ठिकाणांहून आलेल्या नमुन्यांच्या याद्या आणि संध्याकाळी निघालेले रिपोर्ट यांचा मेळ घालायचा, कुणाचं काही राहिलं नाही ना बघायचं, हे तिचं काम. ते ती कागदावर पट्टी ठेवून करायची, एकेक ओळ खाली सरकवत. पुस्तक आणून, रात्री जागून तिने यादी जुळवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो काही चालेना, म्हणून फोरमवर विचारलं. "तर तिथले एक मोठे सर होते, त्यांनी काय लिहावं?" वहिनीने आवाज जाड केला. "'यंत्र म्हणतंय तुमच्या फाईलमध्ये तो रकाना नाही, तर तो नाही. यंत्र खोटं बोलत नाही. डोळे उघडून वाचा. आणि स्वतःच्याच फाईलचा पहिला शब्द वाचता येत नसेल, तर दुसरीत कशाला, आधी पहिलीत बसा.' कारण मी तिथे नाव घेतलं होतं दुसरीतली. झालं! आमची शाळा त्याच दिवशी सुटली."

दादा हसला, ठकीही हसली. "म्हणजे ते तिथलं होय?" ती म्हणाली. धाकट्याच्याही तोंडावर हसू आलं, सवयीने, आणि तिथेच राहिलं. कारण 'पहिलीत बसा' या घरात सगळेच म्हणायचे. दादाला कपाटातली किल्ली समोर असून दिसली नाही की पहिलीत बसा. ठकीने साखरेऐवजी मीठ आणलं की पहिलीत बसा. धाकटा येता-जाता ते ऐकत आला होता, ठकीच्या शाळेतलं काही खूळ असेल असं धरून चालला होता, आणि एकदा तर, मागच्याच वर्षी, वहिनीला चष्मा सापडत नव्हता आणि तो तिच्या कपाळावरच होता, तेव्हा त्याने स्वतः हसत हसत तिला म्हटलं होतं, वहिनी, पहिलीत बसा. ती हसली होती तेव्हा. कशी हसली होती ते तो आता आठवायला लागला आणि त्याला नीट आठवेना. समोर चहा होता. तो त्याने उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

शब्द त्याचे होते. हजारो उत्तरं दिली होती त्याने, त्यातली बहुतेक विसरलाही होता, पण हे विसरलेलं नव्हतं. हे त्याने नीट घडी घालून आत ठेवून दिलेलं होतं. त्या वर्षी ऑफिसात त्याच्या डोक्यावर त्याच्याहून आठ वर्षांनी लहान साहेब आणून बसवला होता, आणि तो साहेब त्याला भर मीटिंगमध्ये 'हे तुम्हाला इतक्यात समजणार नाही' म्हणायचा. दिवसभर ते गिळायचं आणि संध्याकाळी फोरमवर जाऊन पान्हा व्हायचं. तिथे रोज चाळीस प्रश्न. अर्जंट आहे, प्लीज सांगा, माझं काहीच चालत नाही. कुणी गृहपाठ उचलून जसाच्या तसा टाकलेला, कुणी एरर वाचायचेसुद्धा कष्ट न घेतलेले. त्यांच्यावर चिडायला हरकत नव्हती, सगळेच चिडायचे. पण चिडून लिहिलं की पसंतीचे अंगठे पडतात हे एकदा कळल्यावर तो अंगठ्यांसाठी चिडायला लागला. दुसरीतल्या बाईला दिलेल्या उत्तराला अकरा अंगठे पडले होते. तो आकडा त्याला अजून आठवत होता. पुरा प्रश्न त्याने वाचलाच नव्हता. नाव वाचलं होतं, एरर वाचली होती, कोटी सुचली होती.

तिने त्यावर लिहिलं होतं, 'धन्यवाद सर. पुन्हा वाचते.' आणि दोन दिवसांनी, 'सर, मी फाईल छापून घेऊन अक्षरन् अक्षर जुळवलं. जुळतंय. माझंच काही चुकत असेल.' याला कुणी उत्तर दिलं नाही. पान्ह्याने दिलेल्या उत्तरावर दुसरं कोण देणार?

आणि चौथ्या दिवशी ऑफिसात त्याच्यापुढे तीच एरर आली. गिऱ्हाइकाची फाईल, पहिला रकाना डोळ्यांना ढळढळीत दिसतोय आणि यंत्र म्हणतंय असा रकाना नाही. त्यात त्याची अख्खी सकाळ गेली, साहेबाचे दोन टोमणेही ऐकून झाले. दुपारी कळलं. यादी बनवणारी काही सॉफ्टवेअरं फाईल जपून ठेवताना तिच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण घालून ठेवतात. ती पडद्यावर दिसत नाही, छापली तरी कागदावर उमटत नाही, पण यंत्राला ती पहिल्या शब्दाला चिकटलेली दिसते, आणि मग तो शब्द तो शब्द राहत नाही. फाईल उघडतानाच एक शब्द जास्त लिहिला की काम भागतं. कळल्याबरोबर त्याला ती बाई आठवली. खोटं कशाला बोला, लगेच आठवली. त्याने तिथल्या तिथे तिचा प्रश्न उघडला, 'माफ करा, तुमचं बरोबर होतं' असं लिहिलंही. मग त्याची नजर वरच्या अकरा अंगठ्यांकडे गेली. त्याने लिहिलेलं पुसलं. त्या आठवड्यात उत्तर न मिळालेले प्रश्न फार साठले होते, त्याने मॉडरेटरच्या हक्काने तिच्या प्रश्नावर 'सुटला' अशी खूण केली आणि पान बंद केलं.

"पण आता बरंच झालं म्हणायचं," वहिनी सांगत होती, आणि धाकट्याच्या लक्षात आलं की ती त्याच्याशीच बोलते आहे. "लॅबमध्ये नोटीस लागलीय, भावोजी. याद्या आता असंच काहीतरी लिहून जुळवायच्या. ज्यांना शिकायचंय त्यांनी सोमवारपर्यंत नाव द्यायचं, बाकीच्यांना नमुने घ्यायच्या काउंटरवर पाठवणार. तो पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, सकाळी सहाला हजर व्हायचं."

"म्हणजे पाचला घरातून निघायचं," दादा म्हणाला. त्याचे डोळे आता उघडे होते. "पुढच्या वर्षी हिची दहावी. मी म्हणतोय, नाव देऊन तर बघ."

"देऊन काय करू? आठवडाभरात सगळ्यांसमोर फजिती. मला नाही ते जमायचं. बघितलंय ना एकदा करून." हे ती रडून सांगत नव्हती, कुरकुरतही नव्हती. आपल्याला अमुक रंग शोभत नाही असं बायका म्हणतात त्या सुरात म्हणत होती, आणि म्हणता म्हणता उजवा हात मानेमागे नेऊन मान दाबत होती. ती सवय धाकट्याने किती वर्षं पाहिली होती. पट्टी, ओळ, पट्टी, ओळ. मध्यंतरी दोन महिने मानेला पट्टा लागला होता, तेव्हा तो औषधं घेऊन आला होता, सफरचंदं घेऊन आला होता.

"मला का नाही विचारलंत तेव्हा?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं खरं तर.

"मनात होतं हो. पण तुम्ही कामात. आणि म्हटलं, भावोजींना वाटायचं, वहिनीला एवढंसुद्धा येत नाही. तुम्हीच तर जेवताना म्हणाला होतात ना, त्या फोरमवर जा, कुणालाही काही विचारा, तिथली माणसं फार चांगली. म्हणून तर गेले." आणि मग, त्याला वाईट वाटेल असं वाटून, घाईने, "तुमची काय चूक त्यात? तुम्ही चांगल्या मनाने सांगितलंत."

यावर त्याला उठून निघून जावंसं वाटलं. ऑफिसचा फोन आला म्हणावं, डोकं दुखतंय म्हणावं. घरी जाऊन ते उत्तर काढून टाकावं, मॉडरेटरला ते दोन मिनिटांचं काम, मग ते या जगात फक्त वहिनीच्या डोक्यात उरेल आणि तिच्या डोक्यात त्या सरांना चेहरा नव्हता. सोमवारी ती नाव देणार नाही, मंगळवारपासून पाचला उठेल, आणि आपण दिवाणखान्यात बसून म्हणू, वहिनी, फार दगदग होते हो तुमची. हे सगळं त्याला इतकं सहज सुचलं की त्याला स्वतःची शिसारी आली. तो स्वतः शिकत होता तेव्हा पहिल्या नोकरीत एक म्हातारे हिशेबनीस होते, त्यांना या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो अडला की ते आपली खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि म्हणायचे, मला समजावून सांग बघू काय करतोयस. सांगता सांगता त्याचं त्याला सापडायचं. कुणी शेजारी बसल्याशिवाय तो काही शिकला नव्हता, आणि हे नऊ वर्षांत त्याने एकालाही सांगितलं नव्हतं.

"तो प्रोग्रॅम आहे का हो अजून?" त्याने विचारलं.

"असेल की जुन्या लॅपटॉपवर. काढून टाकायचं राहूनच गेलं."

"आणा बघू."

जुना लॅपटॉप माळ्यावर होता, चार्जर तिसऱ्याच खणात. दादा शिडी घेऊन आला, लॅपटॉप उतरवून दिला आणि ठकीला क्लासला सोडायला म्हणून तिला घेऊन बाहेर पडला. घरात ती दोघंच उरली. लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ लागला की वहिनीने तेवढ्यात टेबल पुसून घेतलं, त्याचा गार झालेला चहा नेऊन दुसरा आणला आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. प्रोग्रॅम उघडला. एकोणीस ओळी. प्रत्येक ओळीच्या वर तिने स्वतःपुरतं मराठीत लिहून ठेवलं होतं: इथे यादी उघडते. इथे एकेक माणूस घेते. इथे त्याचा रिपोर्ट शोधते. एखाद्याचं वय लिहायचं राहिलं असेल तर अडून बसायचं नाही, पुढे जायचं आणि त्याचं नाव बाजूला ठेवायचं. ही शेवटची युक्ती त्याला स्वतःला दोन वर्षांनी आली होती. तो वाचत राहिला. सहा वर्षांपूर्वी हेच सगळं प्रश्नाखाली दिलेलं होतं, यातलं अक्षरही त्याने वाचलं नव्हतं.

"हसू नका हं," वहिनी म्हणाली.

"हसत नाहीये."

जुनी यादी त्याच फोल्डरमध्ये होती. त्याने फाईल उघडायच्या ओळीत तो एक शब्द घातला आणि प्रोग्रॅम चालवला. क्षणभर काही झालं नाही, मग पडद्यावर सात नावं आली, एकाखाली एक, आणि त्याखाली वहिनीने तेव्हा हौसेने लिहून ठेवलेलं वाक्य: यांचे रिपोर्ट राहिलेत, बाकी सगळे जुळले.

वहिनीने पडद्यावर बोट ठेवलं. "हे कोण ते आठवतंय मला. यांचा नमुना फुटला होता." आणि मग, "हे माझंच चाललंय?"

"तुमचंच. मी फक्त एक शब्द घातला."

"तो मला कळायला हवा होता?"

"नाही. पुस्तकात नसतो तो. कुणीतरी सांगावा लागतो." त्याने त्या न दिसणाऱ्या खुणेचं सगळं सांगितलं, हळूहळू, आणि तिला ते पहिल्या फटक्यात कळलं. याची त्याला भीती वाटत होती आणि तेच झालं.

"म्हणजे मला येत होतं," ती म्हणाली. चेहरा उजळला तिचा, अगदी ठकीसारखा, आणि मग तो उजेड तसाच असताना डोळ्यांत पाणी आलं. "अहो, मला येत होतं की, भावोजी. मी उगीच... रोज ती पट्टी घेऊन..." तिने नाक ओढलं, हसली. आपण तिला काही दिलं असं त्याला वाटलं होतं, पण तसं नव्हतं. इतके दिवस ती ज्याला आपला नाकर्तेपणा समजत होती तो निदान तिचा स्वतःचा होता. आता तोही राहिला नाही, आणि सहा वर्षं मात्र गेली ती गेलीच.

"त्यांना कळवायला हवं," वहिनी म्हणाली.

"कुणाला?"

"त्या सरांना. त्यांनाही माहीत नसेल बिचाऱ्यांना. नाहीतर अजून कुणाला तेच सांगत बसतील."

लॅपटॉपला तिचा पासवर्ड अजून पाठ होता. प्रश्न सापडला. त्यावर हिरवी खूण होती. "अय्या, सुटला म्हणे! ही कुणी लावली? मी तर नव्हती लावली." त्याने चहाचा घोट घेतला. ती लिहायला लागली, दोन बोटांनी, मधून मधून मोठ्याने म्हणत: "नमस्कार सर. आपण मला सहा वर्षांपूर्वी उत्तर दिलं होतं. माझा प्रोग्रॅम बरोबर होता, फाईलच्या सुरुवातीला न दिसणारी खूण होती. आपल्यालाही तेव्हा ठाऊक नसेल. दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावं म्हणून कळवते. राग नसावा." तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. "बरं आहे ना? उद्धट नाही ना वाटत?"

"नाही," तो म्हणाला.

तिने पाठवलं. त्याचा मोबाईल टेबलावर होता, पडदा वर करून, तिच्या कपाशेजारी. हे गाडं कसं चालतं हे तिथे सात वर्षं मॉडरेटर असलेल्याला कुणी सांगायला नको होतं. प्रतिसाद गेला की अर्ध्या मिनिटात मूळ उत्तर देणाऱ्याला निरोप येतो. अर्धं मिनिट होतं. पालथा घालावा, खिशात टाकावा, आवाज बंद करावा, कशालाही पुरेसा वेळ होता. किंवा तोंडाने सांगावं. तोंडाने सांगायला खरं तर सगळ्यात जास्त वेळ होता. वहिनी, ते सर मी आहे. पाच शब्द. ते त्याने म्हटले नाहीत. मोबाईल मात्र त्याने उचलला नाही. एवढंच त्याच्याने झालं, आणि हेसुद्धा आपण यंत्राकडूनच करून घेतो आहोत हे त्याला कळत होतं.

मोबाईल थरथरला.

"भावोजी, तुमचा," वहिनीने तो उचलून त्याच्यापुढे धरला, आणि धरता धरता तिची नजर त्यावर गेली. पान्हा, तुमच्या उत्तराला 'दुसरीतली' यांचा प्रतिसाद: नमस्कार सर. आपण मला सहा वर्षांपूर्वी. एवढंच त्या चौकटीत मावलं होतं.

तिने ते वाचलं. परत वाचलं, पहिल्या शब्दापासून. मग मोबाईल टेबलावर ठेवला, आणि कप उचलून थोडा लांब सरकवला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज बराच वेळ चालला होता. धाकटा म्हणाला, "मला माहीत नव्हतं हो, तुम्ही आहात ते."

"ते नाही विचारलं मी," वहिनी म्हणाली. खरं तर अजून तिने काहीच विचारलं नव्हतं. "माझं बरोबर होतं, हे कधी कळलं तुम्हाला? आज?"

आज म्हणायला काही हरकत नव्हती. तिने स्वतःच ते उत्तर पुढे करून दिलं होतं, माणसाने घ्यावं म्हणून हात पुढे करावा तसं. आज म्हटलं की तो एक तिरसट, घाईचा माणूस ठरला असता, आणि तिरसट दिराला कुठलीही वहिनी माफ करते. ती तर करायला बसलीच होती.

"चौथ्या दिवशी," तो म्हणाला.

"कुठल्या चौथ्या?"

"तुम्ही विचारलंत त्याच्या चौथ्या दिवशी. हिरवी खूण मीच लावली."

वहिनीने मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. मग लॅपटॉप स्वतःकडे ओढला, त्याने घातलेला तो शब्द पुसून टाकला, आणि पडद्याकडे बघतच म्हणाली, "सांगा परत. एकेक अक्षर." त्याने सांगितलं. तिने एकेक अक्षर टाइप केलं, प्रोग्रॅम चालवला, सातही नावं आली. तिने ती वाचली.

"वहिनी, माझं चुकलं," तो म्हणाला. "मी..."

"मला तोंडी नको," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण भावोजी हा शब्द त्यात नव्हता. "तिथे लिहा. जिथे म्हणालात तिथेच, त्या अकरा जणांच्या खाली. मी सोमवारी नाव द्यायचं की नाही ते मी ठरवीन, त्याचा नि याचा काही संबंध नाही. पण ते लिहा. आत्ता."

अकराचा आकडा तिलाही पाठ होता तर. त्याने मोबाईल उचलला. उत्तराची रिकामी चौकट उघडली. माफी कशी लिहायची हे त्याला माहीत होतं, इतरांच्या भांडणांत मॉडरेटर म्हणून त्याने ती कितीदा लिहून दिली होती: गैरसमज झाला, अनवधानाने घडलं, कुणाला दुखवण्याचा हेतू नव्हता. त्यातलं एक वाक्य त्याच्या बोटांवर आलंही. ते त्याने परतवलं. 'चौथ्या दिवशी' एवढे दोन शब्द लिहिले आणि मान वर केली.

वहिनी त्याच्या खांद्यावरून वाचत होती.

"पुढे लिहा," ती म्हणाली.